मिझमेझ : गोंधळाचा एक विझलेला इंग्रजी शब्द. आपल्याकडे याला काय म्हणाल?

रानजाई

मंडळी, चार वर्षं नुसती वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट परगण्यात एका वृद्धाश्रमात नर्स आहे. (कुठला ते विचारू नका. ज्या आजींबद्दल लिहितेय त्यांची ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदललेत.) आजी नव्वदीच्या पुढच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. दिवसभर एकदम खणखणीत. शब्दकोडी सोडवतात, माझ्या चहाला नावं ठेवतात. पण हिवाळ्यात चार वाजता बाहेर अंधारून आलं की त्यांचं काहीतरी बिनसतं. खुर्चीतून उठतात, दारापर्यंत जातात, परत येतात. पर्स उघडतात, आत बघतात, बंद करतात, पुन्हा उघडतात. मी नवीन असताना एका संध्याकाळी विचारलं, काय झालं? तर म्हणाल्या, "आय बी ऑल इन अ मिझमेझ, माय लव्हर." (माय लव्हर ऐकून दचकू नका. तिकडे दूधवाल्यापासून नर्सपर्यंत कुणालाही म्हणतात.)

मी ऐकलं 'मिस मेज'. ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला व्यवस्थित लिहून ठेवलं : संध्याकाळी मिस मेज यांची वाट बघतात, अस्वस्थ होतात. तीन दिवस आम्ही मिस मेजना शोधत होतो! भेटायला येणाऱ्यांची वही चाळली. एकीने शोध लावला की त्या आजींच्या शाळेतल्या बाई असणार. शेवटी आमचा सत्तरीचा माळी पोट धरून हसला. म्हणाला, अगं, बाई नाही, शब्द आहे तो. माझी आजी म्हणायची. आता कुणी म्हणत नाही.

मिझमेझ म्हणजे भांबावलेपण. डोक्यातल्या डोक्यात गोल गोल फिरणं.

आता माझा प्रश्न. साताऱ्याला माझी आई माझ्या आजीला सांभाळते आणि आजीचंही संध्याकाळी हेच होतं. आईला फोनवर समजावताना मला शब्दच सापडत नाही. 'कन्फ्यूज होते' म्हटलं तर आई चिडते, "ती काय वेडी आहे का?" 'गोंधळते' म्हटलं तर परीक्षेत पोरं गोंधळतात तसं हलकं वाटतं. मिझमेझला मराठीत नेमकं काय म्हणाल?

खडीसाखर

मिस मेज!!! हसून हसून पुरेवाट. ऑफिसात वाचत होते, बॉस बघून गेला.

टग्या पुणेकर

शनिवारी संध्याकाळी लक्ष्मी रोडच्या आसपास चारचाकी लावायला जागा शोधताना जे होतं त्याला मिझमेझ म्हणतात. मराठीत त्याला जो शब्द आहे तो इथे लिहिता येत नाही.

शब्दकिडा

भांबावणे. संपला धागा.

सासुरवाडी

@शब्दकिडा, इतक्यात कसा संपेल? भांबावणे, बावरणे, गांगरणे, बावचळणे, चक्रावणे, बुचकळ्यात पडणे. यात फरक नाही का? गांगरायला समोर कुणीतरी लागतं, साहेब किंवा वाघ. बुचकळ्यात पडतो तो शांत बसून विचार करत असतो. बावचळलेला माणूस भलतंच काहीतरी करून बसतो. चक्रावतो तो बहुधा बिल बघून.

आमच्या मराठवाड्याकडे 'भैसाटणे' आहे, पण आजीला म्हणू नका, मार खाल.

विदर्भवीर

भंजाळणे राहिलं. "डोकं भंजाळलं" म्हणजे आत सगळे तार एकमेकांना चिकटले.

जुनं खोड

रानजाई, धागा काढल्याबद्दल आभार. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि आता निवृत्त होऊन पोरांना छळायची सोय उरली नाही, तेव्हा तुम्हालाच छळतो.

'मेझ' या शब्दाची गंमत अशी की आपण आधी भूलभुलैया समजतो आणि मग त्यावरून गोंधळ. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. जुन्या इंग्रजीत 'आमासियन' म्हणजे सुन्न करणे, भांबावून सोडणे. त्यातूनच 'मेझ', म्हणजे भ्रम, भांबावलेली अवस्था. चौदाव्या शतकाच्या शेवटाला तो शब्द वळणावळणाच्या वाटांना लागला. म्हणजे माणूस आधी हरवला, भूलभुलैया नंतर बांधला. आजचं 'अमेझिंग' हे त्याच घरातलं. लग्नाचे फोटो बघून पोरी 'अमेझिंग' म्हणतात तेव्हा मूळ अर्थाने त्या 'सुन्न झाले' म्हणत असतात, आणि खर्चाचा आकडा बघितला तर ते बरोबरच आहे. डेव्हन-कॉर्नवॉलकडे 'मेझ्ड' म्हणजे चक्रम, डोकं फिरलेला.

'मिझमेझ' नैऋत्य इंग्लंडच्या परगण्यांतला. असे शब्द ज्याने वाचवले त्या माणसाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. जोसेफ राइट. जन्म १८५५, ब्रॅडफर्डजवळचा. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीत गाढवाची गाडी हाकायला लागला, मग सॉल्टेअरच्या कापडगिरणीत. पंधरा वर्षांचा होईपर्यंत वर्तमानपत्रही वाचता येत नव्हतं. मग शिकला तो असा शिकला की हायडेलबर्गला जाऊन डॉक्टरेट मिळवली आणि १९०१ साली ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारा टॉल्किन त्याचा विद्यार्थी. या राइटने १८९८ ते १९०५ या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. गावोगावच्या लोकांनी चिठ्ठ्यांवर शब्द लिहून पाठवले, आमच्याकडे असं म्हणतात, अमक्या अर्थाने म्हणतात. ज्या पोराला शाळा धड मिळालीच नाही त्यानेच शाळेबाहेरची इंग्रजी कागदावर आणली.

खडीसाखर

दंडवत _/\_

शब्दकिडा

जुनं खोड यांनी वर्षं सांगितली, मी आवाज सांगतो. मिझमेझ हा जोडशब्द बघा : मिझ-मेझ. तसेच मिश-मॅश, झिग-झॅग, क्रिस-क्रॉस, डिली-डॅली. प्रत्येकात 'इ' आधी येतो आणि मग मोठा उघडा स्वर. इंग्रज माणूस झॅग-झिग कधी म्हणणार नाही, का ते त्यालाही सांगता येणार नाही.

आता आपलं बघा. चहाबिहा, लग्नबिग्न, पुस्तकबिस्तक. आपला 'इ' नंतर येतो आणि तोही 'ब' ला धरून! त्यांचा 'इ' पुढच्या दाराने, आपला मागच्या दाराने.

टग्या पुणेकर

शब्दकिडाबिब्दकिडा, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

सासुरवाडी

पण गोंधळाच्या शब्दांत आपणही नुसते 'बि' लावून थांबत नाही. गडबड, सरमिसळ, सटरफटर, उलथापालथ, अफरातफर. शब्दच अडखळतो. जीभ एकदा म्हणते, मग म्हणते अरे नाही, थांब, पुन्हा म्हणते.

जुनं खोड

@सासुरवाडी, छान. मोल्सवर्थ या इंग्रजाचा मराठी-इंग्रजी कोश उघडून बघा. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची, आणि ती आता घरबसल्या बघायला मिळते. अशा मराठी शब्दांना प्रतिशब्द देताना बिचाऱ्याची पंचाईत व्हायची आणि मग तो आपल्या लहानपणच्या इंग्रजीची पोतडी उघडायचा : हेल्टर-स्केल्टर, टॉप्सी-टर्व्ही, हिगल्डी-पिगल्डी. आमचा एक शब्द पकडायला त्याचे चार धावायचे. राइटचा कोश निघण्याच्या चाळीस वर्षं आधी इंग्रजीतले निम्मे गावठी गोंधळ एका मराठी कोशात येऊन बसले होते, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. थोडीशी होईल.

वाकडी वाट

मी जरा खोडा घालतो. मिझमेझ ही इंग्लंडमधली खरीखुरी वस्तू आहे. हिरवळीत चर खणून केलेली वळणावळणाची आकृती. हँपशरमध्ये ब्रीमोरला एक आहे, विंचेस्टरला सेंट कॅथरीन टेकडीवर एक. डॉर्सेटमध्ये लाय (Leigh) गावाला होती, आता नुसता षटकोनी बांध उरलाय. तिथे चेटकिणी जमायच्या असं लोक सांगतात.

मुद्दा असा की या आकृत्यांत चुकायची सोयच नाही! एकच वाट, एकही फाटा नाही. चालत राहा, मध्यावर पोचाल. हँप्टन कोर्टचा झुडपांचा भूलभुलैया वेगळा, तिथे फाटे आहेत, बंद गल्ल्या आहेत. लखनौच्या इमामबाड्यातही तेच. मग ज्यात हरवताच येत नाही त्या गोष्टीवरून गोंधळाला नाव कसं पडलं? माझं मत, लोकांनी दोन निराळ्या गोष्टींची गल्लत केली. म्हणजे शब्दाचाच मिझमेझ झाला.

विदर्भवीर

एकच वाट, फाटा नाही, चालत राहायचं, शेवटी मध्यावर पोचायचं. हा तर समृद्धी महामार्ग झाला.

इतिहासकार नव्हे

हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरात अभिमन्यूचं शिल्प आहे. त्यात चक्रव्यूह नेमका असाच दाखवलाय, एकाच वाटेची गोल वेटोळी. लहानपणापासून ऐकत आलो, आत जायचं माहीत होतं, बाहेर पडायचं नाही. शिल्प बघून पोरगा म्हणाला, "बाबा, ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जायचं ना?" मी म्हटलं, वाटेत कौरव आहेत बेटा.

रानजाई

बापरे, केवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्यवाद.

@वाकडी वाट, तुमचा प्रतिसाद वाचून रविवारी मी मुद्दाम विंचेस्टरला गेले. एरवी सुट्टीला कपडे धुते.

टेकडीवर लाकडी पायऱ्यांनी चढावं लागतं, मी दोनदा थांबले. वर लोहयुगातल्या गढीचे बांध आहेत, मधे बीच झाडांचा गर्द पुंजका, आणि त्याच्या कडेला हिरवळीत ती आकृती. मला वाटलं होतं गोल असेल, पण चौकोनी आहे, कोपरे गोलावलेले. आणि चालायचं गवतावरून नाही, चरातून. चर इतका अरुंद की एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे ठेवावं लागतं, बैलगाडीच्या चाकोरीत चालल्यासारखं. तळाला खडूची पांढरी माती उघडी पडलेली, पावसाने निसरडी.

आत शिरले. खरंच फाटा नाही. पण होतं असं की, मध्यबिंदू अगदी हाताशी आला, आता दोन पावलं, असं वाटतं आणि वाट गर्रकन वळून बाहेरच्या कडेला नेते. आपण हरवलेलो नसतो. आपण बरोबरच चाललेलो असतो. फक्त किती उरलं, कुठून आलो, मघाशी याच गवताच्या झुपक्यापाशी होतो की नाही, हे कळत नाही. पायांकडे बघत बघत डोकं गरगरायला लागलं. समोरून एक कुत्रा सरळ आडवा चर ओलांडून मध्यावर जाऊन बसला आणि माझ्याकडे बघत राहिला.

तेव्हा गल्लत वगैरे मला नाही वाटत. आमच्या आजी दारापर्यंत जाऊन परत येतात तेव्हा खोलीत वाट एकच असते.

वाकडी वाट

मान्य. पराभव मान्य. कुत्र्यासकट मान्य.

नियमावली

पेशंटच्या गोष्टी अशा उघड लिहिणं योग्य आहे का? तपशील बदलले असले तरी. जरा विचार व्हावा.

रानजाई

@नियमावली, रास्त प्रश्न. वय, घर, सवयी, सगळंच थोडं इकडचं तिकडे केलंय. शब्द तेवढा खरा आहे.

तुणतुणं

इतका वेळ गप्प होतो, पण 'गोंधळ' शब्दाबद्दल मला काही सांगायचंय. आम्ही गोंधळी. आजोबा, पणजोबा, सगळे. मी बँकेत आहे, पण लग्नसराईत चुलतभाऊ बोलावतात तेव्हा जातो, संबळ अजून वाजवतो.

लोक म्हणतात, "काय गोंधळ घातलाय!" कार्यालयात म्हणतात, टीव्हीवर म्हणतात. मला दर वेळी हसू येतं आणि थोडं लागतंही. गोंधळाइतकं शिस्तीचं दुसरं काही मी बघितलेलं नाही. आधी चौक भरायचा, तांदूळ, वर घट, नारळ. दिवटी पेटवायची, ती मधे विझू द्यायची नाही. मग गण. मग एकेका देवाला आवतण : कोल्हापूरची अंबाबाई गोंधळाला ये, तुळजापूरची भवानी गोंधळाला ये. कुणाला आधी, कुणाला नंतर, ते ठरलेलं. एक नाव राहिलं तर आजोबा संबळाची काठी माझ्या गुडघ्यावर मारायचे. मग आख्यान, शेवटी आरती. पहाट होते.

बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? मध्यरात्र, धूर, संबळाचा कडकडाट, चार माणसं उड्या मारतायत, एक ओरडतोय "उदो उदो". त्याने त्याला जे वाटलं ते नाव दिलं. रानजाईताईंनी त्या टेकडीवरचं लिहिलंय ना, एकच वाट, फाटा नाही, पण चालणाऱ्याला गरगरतं, ते वाचलं आणि म्हटलं हे आपलंच आहे. फक्त आमच्याकडे आत असलेल्याला सगळं कळतं आणि बाहेरच्याला गरगरतं.

जुनं खोड

तुणतुणं, तुमचा प्रतिसाद धाग्याहून मोठा झाला. आजोबांनी काठी मारली ते योग्यच केलं.

सासुरवाडी

+१. यापुढे पोरांच्या खोलीला गोंधळ म्हणणार नाही. इस्कोट म्हणेन.

खडीसाखर

मग सावळागोंधळ कुठून आला? तो कुणाचा सावळा?

शब्दकिडा

यावर वेगळा धागा काढा, नाहीतर इथेच सावळागोंधळ होईल.

कातळकोपरा

आमच्या देवगडाकडचा एक अनुभव लिहितो. दशावतार बघून रात्री अडीच-तीनला काका आणि मी सड्यावरून घरी निघालो. मी सातवीत. सडा म्हणजे काय ते घाटावरच्यांना सांगायला हवं : मैलभर सपाट कातळ, झाड नाही, दिवा नाही, मधेमधे करवंदीची जाळी. रोजची वाट. बॅटरी काकांच्या हातात. अर्धा तास चाललो आणि एका करवंदीच्या जाळीपाशी आलो, तिच्यावर कुणाचा तरी निळा फडका अडकला होता. पुढे गेलो. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा निळा फडका. मला वाटलं दुसरा असेल. तिसऱ्यांदा निळा फडका आला तेव्हा काका थांबले. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "चकवो लागलो. हंयच बस. हलू नको."

बसलो. काकांनी तंबाखू मळली, मला दशावतारातल्या संकासुराच्या नकला करून दाखवल्या. उजाडलं तेव्हा घराची कौलं समोर दिसत होती. फार तर पाच मिनिटांचं अंतर.

त्या आजींचं वाचताना मला तो निळा फडका आठवत होता.

इतिहासकार नव्हे

अरे, हे तर हुबेहूब डेव्हनचं! तिकडे डार्टमूरवर माणूस ओळखीच्या माळावर गोल गोल फिरत राहिला की म्हणायचे 'पिक्सी-लेड', म्हणजे पिक्सींनी, त्या खोडकर बुटक्यांनी, भुलवून नेलेला. उतारा काय, तर अंगातला कोट काढायचा आणि उलटा करून घालायचा, आतली बाजू बाहेर. की वाट दिसते.

टग्या पुणेकर

कोट काढून उलटा घालेपर्यंत माणूस पाच मिनिटं एका जागी उभा राहतो. काकांची तंबाखू आणि त्यांचा कोट, काम एकच.

विवेकवादी

पिक्सी नको आणि चकवा नको. २००९ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान सौमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात चालायला लावलं आणि जीपीएसने माग काढला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आलं, चंद्र मावळला, की गोल फिरायला लागली आणि त्यांना पत्ताही नव्हता. डोळे बांधून चालवलं तर काहींची वर्तुळं जेमतेम वीस मीटर व्यासाची. एक पाय आखूड वगैरे काही नाही. समोर धरून चालायला खूण नसेल तर 'सरळ' म्हणजे काय याचा मेंदूतला अंदाज हळूहळू सरकत जातो.

कातळकोपरा

@विवेकवादी, हरकत नाही. मेंदूतला अंदाज सरकला. पण काकांना ते रात्री तीन वाजता एका शब्दात सांगता आलं, तुम्हाला अख्खा परिच्छेद लागला.

विवेकवादी

हे मात्र खरं.

डॉक्टर साठीतले

विषय रंगलाय, त्यात कडू औषध. रानजाईंना हे माहीत असणारच, पण बाकीच्यांसाठी लिहितो. संध्याकाळी वाढणारं हे भांबावलेपण स्मृतिभ्रंशात नेहमी दिसतं. पण म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत एकाएकी असं वागायला लागलं, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, नवी सुरू केलेली गोळी, यातलं काहीही असू शकतं आणि ते बरं होतं. आधी डॉक्टर, मग शब्दकोश.

रानजाई

@डॉक्टर, अगदी बरोबर. साताऱ्याच्या आजीच्या सगळ्या तपासण्या झाल्यात, हळूहळू वाढत आलेलं आहे. इकडे आम्ही साडेतीनलाच सगळे दिवे लावतो आणि पडदे ओढतो, म्हणजे अंधार पडताना दिसत नाही. बराच फरक पडतो.

खडीसाखर

आमच्याकडे दिवेलागणीला सगळे दिवे लावून घर उजळायचे, तेव्हा कुणी उंबऱ्यावर उभं राहायचं नाही, झोपायचं नाही. आजी ओरडायची. कारण कधी सांगितलं नाही.

नेमका माणूस

तीसच्या वर प्रतिसाद झालेत. मूळ प्रश्नाचं काय झालं? ताईंना शब्द हवा होता. आतापर्यंत आले : भांबावणे, भंजाळणे, भैसाटणे, इस्कोट, समृद्धी महामार्ग.

सासुरवाडी

'भोवंडणे' कसं वाटतं? भोवळ त्यातलीच. भोवती फिरणं त्यात आहे.

शब्दकिडा

भोवंडलं की माणूस पडतो. त्या आजी पडत नाहीत, फिरतात. मी पहिल्या दिवशी 'भांबावणे, संपला धागा' म्हटलं होतं ते मागे घेतो. भांबावणे हे एका क्षणाचं आहे. हे रोजचं आहे.

कातळकोपरा

मी मघाशी लिहिताना एक गोष्ट वगळली होती, लिहू की नको असं झालं होतं म्हणून. त्याच काकांची आई, म्हणजे माझी आजी. शेवटची दोन वर्षं ती स्वयंपाकघरातून माजघरात यायला निघायची आणि मधल्या उंबऱ्यावर थांबायची. हातात रिकामं भांडं. पुढे नाही, मागे नाही. मी सुट्टीत गेलो होतो, विचारलं, "काय झाला?" तर म्हणाली, "माका घरातल्या घरात चकवो लागता रे."

तिला ना कुणी आजाराचं नाव सांगितलं होतं, ना तिने विचारलं. मला वाटतं तुमचा शब्द हाच आहे.

रानजाई

वाचून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

काल आईला फोन केला. म्हटलं, आई, आजीला संध्याकाळी चकवा लागतो. घरातल्या घरात. ती बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "हां. मग तिला बस बस म्हणून ओरडायचं नाही. आपणच जवळ जाऊन बसायचं." मी महिनाभर जे समजावत होते ते तिला एका वाक्यात कळलं. सड्याची गोष्ट तर मी अजून सांगितलीच नव्हती.

आज संध्याकाळी आमच्या इकडच्या आजींनाही सांगितलं, आमच्या भाषेत तुमच्या मिझमेझला चकवा म्हणतात. त्यांना फार आवडला. दोन-तीनदा म्हणून बघितला, 'च' काही जमला नाही, पण कोड्याच्या वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतला.

आत्ताच रात्रपाळीच्या मुलीचा मेसेज आलाय. विचारतेय, ही मिस चक्वा कोण आणि ती भेटायला कधी येणार आहे?